जुने इंजिन पुन्हा सुरू करताना

आमच्या कबनुरात पूर्वी पहाटे दोन आवाज ऐकू येत. एक कोंबड्याचा आणि दुसरा इंजिनाचा. गुऱ्हाळाच्या दिवसांत तर इंजिन रात्रभर चाले. पुक्... पुक्... पुक्... आवाज एका तालात असला की घरातली माणसे निवांत झोपत. ताल बदलला की आमचे आजोबा अंथरुणात उठून बसत आणि म्हणत, "घाण्यात ऊस अडकला बघा, पोरांनो!"

पुढे गावात वीज आली. बटण दाबले की मोटार चालू. मग तेलाच्या इंजिनाला कोण विचारतो? काही इंजिने भंगारात गेली. काही झाडाखाली गंजत पडली.

आमच्या गल्लीत एका जुन्या पिठाच्या गिरणीच्या छपरात असेच एक मोठे आडवे इंजिन पडून होते. वीस हॉर्सपॉवरचे. सिलिंडर एकच, पण दोन्ही बाजूंची चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी. चाळीस वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. कोंबड्या त्यावर बसत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला गिरणीवाल्यांची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "ह्या इंजिनानं माझी चार पोरं जगवली. त्येला किलोवर इकायचं न्हाई."

हे गल्लीतल्या तरुण पोरांनी ऐकले. त्यांनी ठरवले, इंजिन पुन्हा चालू करायचे. एक वयस्क मेस्त्री मदतीला आले. माझ्याकडे वही आणि पेन्सिल आली, कारण मास्तराला पाना धरता येत नाही, पण लिहिता येते. त्या कामात आम्ही जे शिकलो ते येथे सांगतो.

इंजिन आले कोठून?

इंजिनाच्या आधी आपल्याकडे बैल होते. विहिरीवर मोट, घाण्याला बैल, दळायला घरातले जाते. जाते ओढून बायांचे हात भरून येत.

युरोपात तेव्हा वाफेची इंजिने होती. पण वाफेला मोठा बंब लागतो. तो तापायलाच फार वेळ जातो. म्हणून लोकांनी विचार केला, की जाळ बाहेर कशाला? तो इंजिनाच्या पोटातच करू. १८६० साली पॅरिस शहरात लेनॉयर नावाच्या माणसाने असे इंजिन केले. ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर चाले. म्हणून त्याला गॅस इंजिन म्हणत. पण ते गॅस फार खाई. १८७६ साली जर्मनीतल्या निकोलस ऑटो याने त्यात मोठी सुधारणा केली. त्याने गॅस आणि हवा आधी दाबली आणि मग पेटवली. दाबून पेटवल्यावर जोर पुष्कळ वाढला. आजची बहुतेक इंजिने त्याच रीतीने चालतात.

त्यानंतर रुडॉल्फ डिझेल आला. त्याने ठिणगीच काढून टाकली. हवा इतकी दाबायची, की ती आपोआप तापेल आणि तेल त्यात पडताच पेटेल. १८९७ साली त्याचे इंजिन नीट चालले. त्याच्याच नावावरून आपण तेलाला डिझेल म्हणतो. ते माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या मुलखातही यंत्राची हौस जुनी आहे. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे लोखंडी नांगर केले. पुढे १९४६ साली त्यांच्या घराण्याने पुण्यात तेल-इंजिनांचा कारखाना काढला. साताऱ्याला धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यातही नांगर आणि इंजिने होऊ लागली. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर ओतकाम आणि लेथकाम करणारे मेस्त्री घरोघर तयार झाले. पंचगंगेच्या काठाला इंजिने बसली आणि उसाला पाणी मिळाले.

गॅसचे इंजिनही आपल्याला परके नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींना लोणारी कोळशाची भट्टी जोडत आणि त्या गॅसवर मोटार चालवत. शेणाच्या गॅसवरही डिझेल इंजिन चालते. त्यात थोडे डिझेल पेटवणीसाठी लागतेच, पण बाकीचे पुष्कळ वाचते.

हॉर्सपॉवर म्हणजे काय?

हॉर्स म्हणजे घोडा. पॉवर म्हणजे शक्ती. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलायचे, या शक्तीला एक हॉर्सपॉवर म्हणतात.

आता विहिरीचा हिशोब करा. एक गॅलन पाणी १० पौंड भरते. विहीर ३३ फूट खोल असेल, तर एक हॉर्सपॉवर मिनिटाला १,००० पौंड पाणी वर आणील. म्हणजे १०० गॅलन. लिटरात सांगायचे तर सुमारे साडेचारशे लिटर. हा झाला कागदावरचा हिशोब. पंप, पाइप आणि पट्टा यांत बरीच शक्ती वाया जाते. म्हणून प्रत्यक्षात पाणी पुष्कळ कमी येते.

इंजिन चालते कसे?

सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते. का? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सगळे गुपित एवढेच आहे.

सिलिंडर म्हणजे लोखंडी नळा. त्यात दट्ट्या पुढेमागे सरकतो. मेस्त्री त्याला पिस्टन म्हणतात. त्याची चार कामे आहेत.

पहिले काम ओढण्याचे. दट्ट्या बाहेर सरकतो, हवेची झडप उघडते आणि हवा आत येते.

दुसरे काम दाबण्याचे. दोन्ही झडपा बंद. दट्ट्या आत येतो आणि हवा चौदा-सोळा पट दाबतो. ती पाचशे अंशांच्याही वर तापते.

तिसरे काम ढकलण्याचे. त्या तापल्या हवेत पंप बारीक तोंडातून तेलाचा फवारा मारतो. तेल पेटते आणि दट्ट्याला जोराने ढकलते.

चौथे काम बाहेर टाकण्याचे. धुराची झडप उघडते आणि जळलेला धूर पुक् करून बाहेर जातो.

या चार कामांत चाक दोनदा फिरते. पण जोर मिळतो तो एकाच कामात. मग बाकीची तीन कामे कोण करते? ते जड चाक करते. आपण सुगीत कणगी भरतो आणि वर्षभर खातो. तसेच चाक एका धक्क्यात जोर भरून घेते आणि पुढच्या तीन कामांना पुरवते. म्हणून चाक एवढे जड असते.

आधी वाचा, मग पान्याला हात लावा

पहिल्या दिवशी पोरे पाने घेऊनच आली. मेस्त्री म्हणाले, "पाने खाली ठेवा. आज फकस्त बघायचं."

इंजिनाच्या अंगावर एक पितळी पाटी होती. तिच्यावर बोटभर काळा थर. रॉकेलच्या चिंधीने पुसल्यावर अक्षरे वर आली. करणाराचा नंबर, २० हॉर्सपॉवर आणि मिनिटाला ३५० फेरे. दळणाच्या यंत्रावरही तशीच पाटी निघाली. तिच्यावर मिनिटाला ३०० फेरे लिहिले होते.

मी वहीत आकडे मांडले. इंजिनाचे पट्टाचाक २४ इंचांचे. दळणाच्या यंत्राचे २० इंचांचे. ३५० ला २४ ने गुणले, ८,४०० आले. त्याला २० ने भागले, ४२० आले. म्हणजे जाते मिनिटाला ३०० ऐवजी ४२० फेरे फिरत होते!

म्हातारी आई जवळच बसली होती. मी तिला हे सांगितले, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तरीच! बायका म्हणायच्या, तुमच्या गिरणीत पीठ भाजतंय, भाकरी चिरतीय. आमी म्हणायचो, जोंधळाच वाईट." एकदा जुने पट्टाचाक फुटले होते. तेव्हा हाताला आले ते चाक बसवले. पाटी कोणी वाचलीच नाही. लोकांनी कित्येक वर्षे भाजलेल्या पिठाची भाकरी खाल्ली. ८,४०० ला ३०० ने भागले तर २८ येतात. चाक २८ इंचांचे पाहिजे होते. आम्ही तसे चाक शोधून आणले.

मंडळी, अक्षरओळख कशाला पाहिजे, असे कोणी विचारले तर त्याला ही गोष्ट सांगा.

मग इंजिन उकलायला घेतले. साक्षरतेच्या वर्गाला येणारे आमचे एक काका चिठ्ठ्या लिहायला बसले. काढलेला प्रत्येक बोल्ट निराळ्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. 'हवेची झडप'. 'धुराची झडप'. 'पंपाचे बोल्ट, ४'. दोन्ही झडपा दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. चिठ्ठी नसती तर जोडताना अदलाबदल झालीच असती.

अडकलेला दट्ट्या

दट्ट्या सिलिंडरात गंजून घट्ट बसला होता. पोरे म्हणाली, "ट्रॅक्टर लावून चाक ओढूया." मेस्त्रींनी ते होऊ दिले नाही. बिडाचे लोखंड दाब सहन करते, पण ओढ आणि हिसका सहन करत नाही. काकणासारखे तडकते. चाकाला हिसका दिला, तर आरा तुटेल नाहीतर दट्ट्याचा दांडा वाकेल. मग सगळेच संपले.

त्यांनी सिलिंडरचे झाकण काढले. आत निम्मे रॉकेल आणि निम्मे पातळ वंगण ओतले. सिलिंडर आडवे, त्यामुळे तेल खालच्याच बाजूला राहते. म्हणून वरच्या बाजूला तेलात भिजवलेली चिंधी खुपसून ठेवली. रोज संध्याकाळी बघायचे, चिंधी ओली करायची आणि घरी जायचे. मध्ये मध्ये बाभळीचा ठोकळा दट्ट्यावर धरून हलक्या हाताने ठोकायचे. उघड्या दट्ट्यावर हातोडा मारायचा नाही.

एकोणिसाव्या दिवशी दट्ट्या नखभर सरकला. पोरांनी अशी आरोळी ठोकली, की कोंबड्या छपरावर गेल्या.

दट्ट्याच्या रिंगा काजळीने खाचेत अडकल्या होत्या. त्या पेचकसाने उचकटल्या तर मोडतात. त्याही रॉकेलात भिजत ठेवल्या. दोन मोडक्या निघाल्या, त्या उद्यमनगरातून नव्या करून आणल्या.

पाणी, तेल आणि झडपा

पोटात जाळ असल्यामुळे सिलिंडरला थंड ठेवावे लागते. त्याच्याभोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. आमच्या इंजिनाच्या पोकळीतून दोन पाट्या गाळ आणि क्षार निघाला. गाळ साठला की पाणी खेळत नाही. मग सिलिंडर तापते, दट्ट्या फुगतो आणि अडकतो. गाळ काढून पोकळीत पाणी भरले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी कोठे ओल दिसली नाही. म्हणजे चीर नाही.

झडपा त्यांच्या बैठकीवर खरवडीच्या मलमाने घासल्या. मग झडप बसवून वरून रॉकेल ओतले. रॉकेल झिरपले नाही. जेथून रॉकेल जात नाही, तेथून दाबलेली हवाही सहसा जात नाही.

वंगणाच्या नळ्या तारेने साफ केल्या. तेलाची टाकी धुतली. पंपापासून तोंडापर्यंतच्या नळीत हवा राहिली, तर फवारा येत नाही. म्हणून पेच सैल करून तेल वाहू द्यायचे. बुडबुडे थांबले की पेच घट्ट करायचा. फवारा चांगला असला की तोंडातून 'किर्र' असा आवाज येतो.

येथे एक इशारा. त्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका. त्याचा जोर दर चौरस इंचाला हजार पौंडांहून अधिक असतो. तो कातडी फोडून आत जातो. वरून फक्त सुई टोचल्यासारखे दिसते, पण आत तेल पसरते आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. असे झाले तर दुखण्याची वाट बघू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा.

चाकाची परीक्षा

कुंभाराकडून घागर घेताना आपण टिचकी मारून बघतो. चाकाचेही तसेच. मेस्त्रींनी लहान हातोडीने चाकाच्या कडेला ठिकठिकाणी टिचकी मारली. घंटेसारखा 'ठण्ण' आवाज आला तर चाक चांगले. 'बद्द' आवाज आला तर चीर असण्याचा संभव. चीर गेलेले चाक फिरवू नये. वेगात ते फुटले तर तुकडे भिंत फोडून जातात. आमची दोन्ही चाके ठणठणीत निघाली. त्यांच्या चाव्याही ठोकून घट्ट केल्या.

विहिरीतला धूर

धुराचा पाइप सडून गेला होता. पोरे म्हणाली, "गुरुजी, एकदाच तर चालवायचंय. पाइप नसला म्हणून काय झालं?" तेव्हा मी पाना धरणारा माणूस नसूनही हट्ट धरला, की पाइप छपराबाहेर गेल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. त्यामागे आमच्या घरची गोष्ट आहे.

मी तेव्हा सातवीत होतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फार खाली गेले. पंप वरून पाणी ओढतो तो फार तर पंचवीस फुटांपर्यंत. पाणी त्याच्या खाली गेले की पंप वरून ओढत नाही. म्हणून लोक इंजिन आणि पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवत. आमच्या चुलत्यांनीही रॉकेलवर चालणारे लहान इंजिन उतरवले. धूर विहिरीतच. दुपारी इंजिनाचा आवाज बदलला, म्हणून काका बघायला खाली उतरले. ते वर आले नाहीत. शेजारचा गडी त्यांना आणायला उतरला. तोही खाली बसला. लोकांनी दोर टाकून गळाने दोघांना वर ओढले. गडी वाचला. काका गेले.

तेव्हा लोक म्हणाले, विहिरीत काही बाहेरचे आहे. नारळ, कोंबडे झाले. पण विहिरीत भूत नव्हते. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्तात प्राणवायूला जागाच राहत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला पळावे हे कळते, पण पळता येत नाही.

कित्येक जण सांगतात, की विहिरीत कंदील सोडावा, तो विझला नाही तर हवा चांगली. हे अर्धेच खरे आहे. कंदील विझला तर उतरूच नये. पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही. हा विषारी वायू माणसाला मारील एवढा असला, तरी कंदील जळतच राहतो.

म्हणून इंजिन विहिरीत, तळघरात किंवा बंद खोलीत चालवू नका. खाली कोणी पडला तर त्याच्यामागे तसेच उतरू नका. आधी इंजिन बंद करा, लोक बोलवा, अग्निशामक दलाला कळवा. एक जीव धोक्यात असताना दुसरा त्यात घालणे ही मदत नव्हे.

आमचा पाइप नवा बसला आणि छपराच्या वर गेला.

आधी थांबवायला शिका

मेस्त्री म्हणाले, "चालू करायचं मागनं बघू. आधी बंद कसं करायचं ते सांगा." कोणालाच सांगता येईना. त्यांनी दोन रीती दाखवल्या. पहिली, तेलाचा पंप बंद करणे. ही रोजची. दुसरी, अडचणीची. कधी कधी वंगणच आत जाऊन जळू लागते. मग तेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, उलट पिसाटते. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरायची. हवा नाही तर जाळ नाही. हात किंवा चिंधी धरायची नाही, ती आत ओढली जाते. आम्ही फळी कापून हवेच्या तोंडाजवळच खिळ्याला टांगली.

चालू करण्याचा दिवस

लहान इंजिन हँडलने फिरवून चालू करता येते. दाब सोडण्याची कळ उचलायची, चाकाला वेग द्यायचा आणि कळ पाडायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिन उलटे फिरले तर हँडल हातातून सुटते आणि अंगठा वाचतो.

आमचे इंजिन हँडलला दाद देणारे नव्हते. अशा मोठ्या इंजिनाला दाबलेल्या हवेची टाकी असते. ती हवा दट्ट्याला पहिला धक्का देते. आमची जुनी टाकी आतून गंजली होती. गंजलेली टाकी म्हणजे बाँब. ती बाजूला टाकली आणि तपासून दिलेली, सुरक्षा-झडप असलेली टाकी आणली. तिच्यात दर चौरस इंचाला सुमारे २०० पौंड दाबाची हवा भरायची. मोटारीच्या टायरात तीस-पस्तीस पौंड असतो. यावरून अंदाज करा.

हवा भरायला वेळ लागत होता. तेवढ्यात एक पोरगा वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनची टाकी सायकलवर घेऊन आला. "मेस्त्री, ह्यात भरल्यालीच हवा हाय. लावू का?"

मेस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले, की पोरगा जागीच उभा राहिला. मग त्यांनी समजावले. आपल्या हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा असतो. टाकीत नुसता ऑक्सिजन. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, की ठिणगी नसतानाही भडका उडतो. इंजिनाच्या नळीत, टाकीत सगळीकडे तेलाचा अंश असतोच. ती टाकी लावली असती तर इंजिन, छप्पर आणि आम्ही सगळे उडालो असतो. पोरगा वाईट नव्हता. त्याला माहीत नव्हते, एवढेच. पण न कळत केलेली चूक काही कमी मारत नाही.

अखेर साधी हवा भरली. मेस्त्रींनी चाक फिरवून खडूच्या खुणेवर आणले. दट्ट्या आतल्या टोकाला येऊन नुकताच परत फिरला, दोन्ही झडपा बंद, अशी ती जागा. तेथे धक्का दिला तरच तो कामी येतो. मग त्यांनी सगळ्यांकडे नजर टाकली. धोतराचे सोगे खोचले, टॉवेल काढून ठेवले, बायकांना पदर आवरून दूर बसवले. चाकाच्या आणि पट्ट्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही.

हवेची झडप क्षणभर उघडली. चाक गरकन फिरले, दोन-तीन फेरे झाले आणि मंद होत थांबले. सगळे गप्प. मेस्त्रींनी तेलाच्या नळीचा पेच सैल केला. चार बुडबुडे आले. "हवा ऱ्हायली व्हती," ते म्हणाले. पेच आवळला, चाक पुन्हा खुणेवर आणले, झडप पुन्हा उघडली.

ढप्! छपराच्या वर काळा धूर. पुन्हा ढप्. मग पुक्... पुक्... पुक्...

अर्धा तास इंजिन मोकळेच चालू दिले. वंगणाचे थेंब मोजले, पाणी किती तापते ते बघितले. मगच पट्टा चढवला, आणि तोही इंजिन थांबवून. चालत्या चाकावर पट्टा चढवताना किती जणांचे हात गेले आहेत!

पहिले दळण म्हातारीच्या पायलीभर जोंधळ्याचे. पीठ पडू लागले तशी तिने मूठभर हातात घेतले, चोळले आणि म्हणाली, "गुरुजी, पीठ गार हाय."

आता दर वर्षी एकदा आम्ही ते इंजिन चालवतो. रोजचे दळण विजेवरच होते आणि तेच सोयीचे आहे. पण शाळेची मुले येतात, चार कामे बघतात आणि पाटी वाचून दाखवतात.

ध्यानात ठेवा

१. पाटी वाचा. काढलेल्या भागांवर चिठ्ठ्या लावा.
२. गंजलेल्या दट्ट्याला जोर नको, तेल आणि सबुरी पाहिजे.
३. थांबवायची रीत कळल्याशिवाय इंजिन चालू करू नका.
४. तेलाच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका.
५. हवेच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरू नका.
६. धूर उघड्यावर सोडा. विहिरीत इंजिन चालवू नका.

सांगा पाहू

१. चाक एवढे जड का असते?
२. गिरणीत पीठ का भाजत होते?
३. इंजिनाचे फेरे ३००, त्याचे पट्टाचाक २० इंच आणि पंपाचे १० इंच. पंपाचे फेरे किती?
४. विहिरीत कंदील जळत राहिला, तरी उतरणे धोक्याचे का?